स्क्रीनवरचे दीडशे किलोमीटर

दवाखान्यातले बाकीचे ड्रायव्हर त्यांना ‘अर्धी टाकी’ म्हणायचे आणि सिस्टर मंडळी ‘टाकीकाका’. हे नाव अंगाला इतकं चिकटलं होतं, की हजेरीच्या वेळी कारकुनाने खरं नाव पुकारलं तर ते स्वतःच मागे वळून बघायचे, हा कोणाला बोलावतोय म्हणून.

कारण साधं होतं. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या ताब्यातल्या गाडीचा काटा निम्म्याच्या खाली कधी उतरला नव्हता. दोन गल्ल्या सोडून औषधं पोचवायची असली तरी आधी पंप, मग औषधं. दवाखान्याची सहल नाश्त्याला थांबली, की सगळे हात धुवायच्या आत हे गाडी घेऊन डिझेल भरायला गेलेले असायचे. बायको म्हणायची, “घरातला साखरेचा डबा आठ दिवस रिकामा असला तरी यांना पत्ता नसतो. पण गाडीला काही कमी पडता कामा नये.” त्यावर ते हसायचे. एखादी गोष्ट हसण्यावारी नेली की लोक खोलात शिरत नाहीत, हे त्यांना फार पूर्वी कळलं होतं.

अशा माणसाच्या हातात दवाखान्याने विजेची गाडी दिली.

गाडी देणगीतून आली होती. उंच, रुंद, काळीभोर, आणि वजनाला जवळजवळ तीन टन. मागची बाकं काढून तिथे अपुऱ्या दिवसांच्या बाळाची उबेची पेटी बसवायची सोय केली होती आणि पेटीला वीज द्यायला गाडीतच प्लग होता. किल्ली द्यायला आलेला विक्रेता मोठ्या उत्साहात होता. “एका चार्जिंगमध्ये पाचशेवीस किलोमीटर, काका. आता निवांत झोपा.”

टाकीकाका काही निवांत झोपले नाहीत. पहिल्या महिन्यात त्यांनी गाडी जमेल तशी चालवून पाहिली. उबदार दिवस, गावातले रस्ते, गाडी रिकामी, असं सगळं जुळून आलं तर चारशे. मोठ्या रस्त्यावर, थंडीच्या सकाळी, शंभरच्या वेगाने तीनशे, आणि त्यावर एकही नाही. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. एवढं धूड हलवायचं, त्या रुंद छातीने समोरचा वारा फाडत जायचं, म्हणजे ताकद लागणारच. शिवाय जुन्या गाडीत इंजिन तापायचं आणि त्याची ऊब हीटरला फुकटात मिळायची. इथे ऊबसुद्धा बॅटरीतूनच काढायची. म्हणजे थंडी वाजली, की किलोमीटर गेले.

त्यांनी हे चहाच्या वेळी ड्रायव्हरांना सांगितलं तर एकच हशा पिकला. “आता तुम्हाला ‘अर्धी बॅटरी’ म्हणायचं का?” डॉक्टरबाईंना एकदा सांगून पाहिलं. दवाखाना त्यांनीच उभा केलेला, बोलणं तोडून टाकल्यासारखं, पण मनाने सोन्यासारख्या. कागदावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, “कंपनीने मोजूनच लिहिलं असेल ना हो?” टाकीकाका “हो, तेही खरंच” म्हणून बाहेर आले. वाद घालणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्यातून गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलं होतं, की बॅटरी रोज ऐंशी टक्क्यांपर्यंतच भरावी, म्हणजे जास्त वर्षं टिकते. डॉक्टरबाईंनी ते लाल पेनाने अधोरेखित करून भिंतीला चिकटवलं होतं.

थंडीच्या ऐन मध्यावर, एका सकाळी साडेआठला, डॉक्टरबाई स्वतः गाड्यांच्या शेडमध्ये आल्या. असं त्या कधी येत नसत.

“काल संध्याकाळी बत्तिसाव्या आठवड्यात बाळंत झालेली बाई आहे ना, तिची मुलगी. चौदाशे ग्रॅम. श्वास घेताना छाती आत ओढली जातेय. आपल्याकडे जे होतं ते करून झालं. तिला मोठ्या हॉस्पिटलला न्यायला हवं. त्यांची बाळांची ॲम्ब्युलन्स दुसरीकडे गेलीय, आपली अपघाताच्या पेशंटला घेऊन गेलीय. विजेची गाडी काढा.”

मोठं हॉस्पिटल घाटापलीकडच्या शहरात. दोनशे चाळीस किलोमीटर.

टाकीकाकांनी गाडी चालू केली. ऐंशी टक्के. स्क्रीनवर किलोमीटर चारशे दहा.

“भरपूर आहे की,” डॉक्टरबाई वाकून बघत म्हणाल्या.

बाहेर धुकं होतं, रस्ता ओला होता, आणि वारा समोरून, घाटाकडून येत होता. टाकीकाकांनी मनातल्या मनात तीनशेचे ऐंशी टक्के केले. दोनशे चाळीस. बरोब्बर दोनशे चाळीस. आणि त्यात घाट धरलेलाच नव्हता.

“अर्धा तास चार्ज लावला असता तर...” ते म्हणाले.

“त्या पोरीकडे अर्धा तास नाहीये,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि वळल्या.

त्यांनी तोंड मिटलं. घाटमाथ्याच्या अलीकडे, पंचाण्णव किलोमीटरवर, एका हॉटेलपाशी चार्जर होता. तिथे दहा मिनिटं लावू, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

पेटी चढवली. काचेच्या आत बाळ म्हणजे दोन मुठींएवढं होतं, नाकात नळी, डोक्याला लोकरीची टोपी. पेटीशेजारी सिस्टर बसल्या. तिशीच्या, कामाला वाघीण, बोलायला फटकळ. बाळाची आई शस्त्रक्रियेनंतर पलंगाला खिळलेली, वडील तिच्याजवळ, म्हणून बाळाबरोबर बाळाची मावशी आली. ती पुढे बसली. तिच्या मांडीवर बहिणीने दिलेली पिशवी होती आणि ती पिशवीचे बंद एकसारखे गुंडाळत आणि सोडत होती.

“गाडीत पंचवीस अंश हवेत मला,” मागून सिस्टर म्हणाल्या. “पेटीची खिडकी उघडावी लागली तर गार हवा लागायला नको. हीटर कमी करायचा नाही, काका. आधीच सांगून ठेवते.”

“नाही करत.”

पहिले साठ किलोमीटर सरळ रस्ता. टाकीकाका शंभरने गेले, कारण मागे बाळ कण्हत होतं. प्रत्येक श्वासागणिक एक बारीकसा आवाज, कोणी दार किलकिलं करून पुन्हा लावावं तसा. त्या आवाजाने त्यांचा पाय आपोआप दाबला जाई. मग नजर स्क्रीनवर जाई आणि पाय सैल पडे. गाडीला आवाज नव्हता, त्यामुळे ते कण्हणं जास्तच ऐकू येत होतं. साठ किलोमीटरला एकोणसाठ टक्के. एकवीस गेले होते.

“ताई, तेवढी पाण्याची बाटली देता?”

मावशीने दिली. “काका, सगळं ठीक आहे ना?”

“हो हो.”

घाट सुरू झाला. चढाला गाडी जोरकस होती, त्यात शंका नाही. तीन टन असूनही वळणावळणाला सपसप वर चढत होती. पण तीन टन वर न्यायचे म्हणजे फुकट नाही. पूर्वी घाटात टाकीकाकांचे डोळे रस्त्यावर असत आणि कान इंजिनाकडे. आज डोळे सारखे त्या आकड्याकडे धावत होते. त्रेपन्न. पन्नास. एका वळणावर समोरून ट्रक आला तेव्हा ते आकडाच बघत होते. मावशीने किंकाळी फोडली, त्यांनी स्टिअरिंग ओढलं, ट्रकचा आरसा हातभर अंतरावरून गेला.

“काका!” सिस्टर ओरडल्या. “झोपलात का?”

“नाही.” त्यांनी समोरची काच हाताने पुसली. “धुकं आहे.”

हॉटेल आलं. चार्जर बाजूच्या पत्र्याखाली होता, आणि त्याचा दिवा विझलेला होता. टाकीकाका उतरून धावले. केबल लावली, काढली, परत लावली. वाऱ्याचा झोत असा होता की दार उघडं धरवत नव्हतं.

हॉटेलवाला मफलर गुंडाळून बाहेर आला. “पहाटेपासून वीज नाहीये. वाऱ्याने तारा पडल्यात. माझ्या स्वयंपाकघरात जनरेटर आहे, त्याच्यावर लावता?”

“किती वेळ लागेल?”

त्याने गाडीकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. “एवढ्या मोठ्या जनावराचं पोट भरायला? जेवून, झोपून, सकाळचा नाश्ता करून जा.” मग काचेतून आतली पेटी त्याला दिसली आणि त्याचा चेहरा पडला. “देवा. माफ करा हं, मला दिसलं नाही.”

“पुढे कुठे चार्जर आहे?”

“पुढे एकदम शहरातच.”

टाकीकाका गाडीत येऊन बसले. त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. परत फिरावं? मागे पंचाण्णव किलोमीटर, आणि मागे त्या मुलीसाठी लागणारं यंत्र नाही. ते पुढे निघाले.

घाटमाथ्यावर चौतीस टक्के उरले. शहर एकशे पस्तीस किलोमीटर.

मग उतार लागला. विजेच्या गाडीचं उताराला एक बरं असतं. पाय उचलला की मोटर उलटी चालल्यासारखी वागते, गाडीला आवरते आणि थोडी वीज बॅटरीत परत टाकते. टाकीकाकांनी पूर्ण उतार ब्रेकला पाय न लावता काढला. आकडा एकेका टक्क्याला बराच वेळ चिकटून राहत होता. एकदा तर बत्तीसचे तेहेतीस झाले. चढाला टाकलेलं सगळं परत मिळत नाही, हे त्यांना ठाऊक होतं, तरी जिवाला जरा थंडावा मिळाला. घाट उतरून पायथ्याला आले तेव्हा एकोणतीस टक्के होते आणि स्क्रीनवर लिहून आलं: दीडशे किलोमीटर. शहर राहिलं होतं शंभर.

मावशीनेही ते वाचलं. “दीडशे म्हणतेय! म्हणजे पोचू ना आपण आरामात?” तिच्या आवाजात इतकी आशा होती, की टाकीकाकांना तिच्याकडे बघवेना.

सपाट रस्ता सुरू झाला. उजवीकडे नांगरून टाकलेली ओली जमीन, आडोशाला झाड नाही, आणि वारा तोंडावर. टाकीकाकांनी वेग सत्तरवर आणला आणि दहा किलोमीटर मोजले. दहा किलोमीटरला चार टक्के गेले. आणि दीडशेचे एकशे अठ्ठावीस झाले.

दहा चाललो आणि बावीस कमी झाले.

“काका, हळू का चाललोय?” सिस्टरचा आवाज आता फटकळ नव्हता. “हिचा ऑक्सिजन खाली येतोय. शंभरला जा ना.”

“शंभरने गेलो तर अर्ध्यातच बसू.”

“म्हणजे?”

ते उत्तर देणार तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टरबाई होत्या. आवाज गाडीभर ऐकू येत होता.

“कुठे पोचलात?”

“घाट उतरून दहा किलोमीटर आलो.”

“राहिलं किती?”

“नव्वद.”

“आणि गाडीत?”

“गाडी एकशे अठ्ठावीस दाखवतेय.”

“मग झालं तर. पोचाल ना?”

“पोचू” हा शब्द त्यांच्या ओठांवर आला. तो शब्द त्यांच्या ओळखीचा होता.

चोवीस वर्षांचे असताना ते एका लाकडाच्या गिरणीत ट्रक चालवायचे. एका दुपारी करवतीवरच्या कामगाराचा हात पट्ट्यात गेला. त्याला ट्रकमध्ये घातलं, तुटलेली दोन बोटं फडक्यात बांधून घेतली. मालकाचा भाऊ शेजारी बसला होता. निघताना त्याने विचारलं, “डिझेल आहे ना रे?” काटा लाल रेघेला टेकला होता. सकाळी भरायला सांगितलेलं ते विसरले होते आणि आता ते कबूल करायची लाज वाटली. वाटेत पंप लागला. दहा मिनिटांचं काम होतं. पण थांबलो असतो तर उघडं पडलं असतं. “आहे,” ते म्हणाले. हॉस्पिटल सात किलोमीटरवर असताना ट्रक आचके देत बंद पडला. दुसरं वाहन मिळायला दीड तास गेला. माणूस वाचला, बोटं मात्र जोडता आली नाहीत. ती वेळेवर गेली असती तरी जोडली गेली असती की नाही, हे कोणालाच सांगता आलं नसतं. टाकीकाकांनी सगळ्यांना सांगितलं, की काटा बिघडला होता. सगळ्यांनी ते मानलं. त्या कामगारानेही मानलं; उलट बऱ्या हाताने त्यांच्या पाठीवर थोपटलं. हे त्यांनी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

“हॅलो? ऐकू येतंय का? पोचाल ना?”

“नाही,” टाकीकाका म्हणाले.

मावशीचे हात पिशवीच्या बंदावर थांबले.

“नाही म्हणजे?” डॉक्टरबाईंचा आवाज चढला. “गाडी एकशे अठ्ठावीस म्हणतेय ना?”

“गाडी उताराच्या भरवशावर बोलतेय, बाई. उतार संपला. गेल्या दहा किलोमीटरला चार टक्के गेलेत आणि पंचवीस उरलेत. वारा समोरून आहे, हीटर बंद करता येत नाही. साठ-पासष्ट किलोमीटर जाऊ. त्याच्या पुढे नाही जाणार. मला हे सकाळीच वाटत होतं. मी तेव्हाच धडपणे बोलायला हवं होतं. चूक माझी आहे, पण आता ते राहू दे. मोठ्या हॉस्पिटलला फोन लावा. त्यांची ॲम्ब्युलन्स मोकळी झाली असेल तर आमच्या दिशेने पाठवा. आत्ता. मी थांबत नाही, जाता येईल तितकं पुढे येत राहतो.”

एवढं सलग ते वर्षभरात बोलले नसतील. डॉक्टरबाई म्हणाल्या, “लावते,” आणि फोन ठेवला.

मावशी रडत नव्हती, ओरडत नव्हती. ती फक्त त्यांच्याकडे बघत होती, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. “तुम्हाला सकाळीच माहीत होतं?” तिने विचारलं.

“भीती वाटत होती. नक्की माहीत नव्हतं.”

“मग आम्हाला का नाही सांगितलंत?”

सिस्टरच मागून म्हणाल्या, “ताई, आत्ता सांगितलं ना. त्यांना गाडी चालवू द्या.”

पुढची पस्तीस मिनिटं टाकीकाकांना आयुष्यभर पुरली. बाळाचं कण्हणं मध्येच थांबे आणि सगळ्यांचे श्वास अडकत. सिस्टर पेटीच्या भोकातून हात घालून त्या काडीएवढ्या तळव्याला बोटाने टिचकी मारत, “ए, असं नाही करायचं, श्वास घे, घे ना ग राणी,” आणि मग तो किलकिल्या दाराचा आवाज पुन्हा सुरू होई. ॲम्ब्युलन्स निघाल्याचा फोन आला. एकवीस टक्के. अठरा. चौदा. मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवत पुढे जात होते. ॲम्ब्युलन्स चुकली तर? तिला दुसरा रस्ता सांगितला असेल तर? समोर लाल दिवा दिसला की काळीज उडे, आणि ते भलतंच काहीतरी निघे.

अकरा टक्क्यांवर, एका पेट्रोल पंपाच्या फरशीवर, ती खरंच समोर आली.

बाळाला हलवायला चार मिनिटं लागली. दोन डॉक्टर, सिस्टर, पेटीची चाकं फरशीवर खडखडत गेली. मावशी त्यांच्याबरोबर चढली. चढताना तिने मागे वळून बघितलं नाही, आणि टाकीकाकांनाही तशी अपेक्षा नव्हती. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर दार लावता लावता त्यांच्या गाडीत डोकावला. “अहो, अकरा टक्के आहेत की! आणि हे बघा, छप्पन्न किलोमीटर लिहिलंय. पन्नासच तर राहिलेत. आलाच असतात की तुम्ही. घाबरलात उगाच.”

तो निघून गेला. टाकीकाका फरशीवर उभे राहिले. वारा कानात शिरत होता. आता एक निराळीच भीती त्यांच्या मनात घुसली. गाडी पोचणार असेल तर? वाटेत बाळाची पेटी एका गाडीतून दुसऱ्या गाडीत हलवायला लावली, त्या चार मिनिटांत गार हवा लागली, त्यातच काही झालं तर?

“बसा, काका,” सिस्टर म्हणाल्या. त्यांचं काम संपलं होतं आणि त्या मागे राहिल्या होत्या. “जाऊ या. बघू तर खरं, किती जाते ते.”

त्यांनी हीटर बंद केला. मागे आता पेटी नव्हती, मावशी नव्हती. साठच्या वेगाने, डाव्या कडेने, दोघंही कोट घट्ट ओढून बसले. काचेवर आतून वाफ धरत होती. सिस्टर रुमालाने पुसत होत्या. पाच टक्क्यांना पहिली सूचना आली. तीनला गाडीने आपण होऊन वेग कमी केला. पन्नास, मग तीस. पाय दाबला तरी काही फरक पडेना. मागे ट्रकची रांग लागली, एकाने लांबलचक हॉर्न दिला. स्क्रीनवर शून्य आलं. त्यांनी गाडी कशीबशी रस्त्याच्या कडेला घेतली आणि ती थांबली. आचका नाही, आवाज नाही. एवढं मोठं धूड, दिव्याची वात विझावी तसं निमूट विझलं.

कडेच्या पाटीवर लिहिलं होतं: हॉस्पिटल, सात किलोमीटर.

सिस्टरने पाटीकडे बघितलं. “रिकाम्या गाडीत,” त्या म्हणाल्या. “हीटर बंद करून.”

बरोबर ठरल्याचं समाधान वगैरे टाकीकाकांना काही झालं नाही. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की पेटी मागे आहे, तिची स्वतःची बॅटरी तासाभराची, आणि गाडी इथून कितीतरी मागे, त्या उघड्या माळावर उभी आहे. ते इतकं स्पष्ट दिसलं की त्यांनी खरोखरच वळून मागे बघितलं. मागे रिकामी जागा होती आणि एक लोकरीचा मोजा पडला होता.

वीस मिनिटांनी सिस्टरचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, “हो,” म्हणाल्या, परत “हो,” म्हणाल्या, आणि रडायलाच लागल्या.

“काय झालं? सिस्टर, काय झालं?”

“पोचली. अर्धा तास झाला. यंत्रावर घेतलंय. अजून काही सांगत नाहीत, पण जिवंत आहे.” आणि मग हुंदक्यातूनच खेकसल्या, “असे बघू नका माझ्याकडे, मी काही भूत नाहीये!”

पुढचे तीन दिवस कोणीच काही खात्रीने सांगत नव्हतं. टाकीकाका घरी आले तरी जेवण उतरत नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी बायकोला गिरणीची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती भाजी निवडत होती. सांगून झाल्यावर ती बराच वेळ देठ मोडत राहिली. “चौतीस वर्षं,” ती म्हणाली. “एवढं पोटात ठेवून जेवत होतात तुम्ही.” पुढे ती रागावेल असं त्यांना वाटलं. तिने ताट वाढलं आणि शेजारी बसून राहिली.

चौथ्या दिवशी बाळाची श्वासाची नळी काढली.

डॉक्टरबाईंनी त्यांना खोलीत बोलावलं. बसायला सांगितलं, हेही पहिल्यांदाच. “मी तुमचं ऐकून घ्यायला हवं होतं,” त्या म्हणाल्या.

“मी मोठ्याने बोललोच नव्हतो, बाई.”

“हो. तेही आहेच.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “आता मोठ्याने सांगा. ती गाडी खरी किती जाते?”

ते त्यांना एका वाक्यात सांगता येईना. म्हणून पुढचे चार रविवार त्यांनी गाडीत वाळूच्या गोण्या भरून, हीटर लावून, आसपासच्या प्रत्येक रस्त्यावर गाडी पळवली. वाऱ्याच्या दिवशी, पावसात, घाट चढून, घाट उतरून. बाकीचे ड्रायव्हर आळीपाळीने बरोबर आले. त्यातून एक तक्ता तयार झाला आणि तो किल्ल्यांच्या कपाटाच्या दारावर लागला. लांबच्या रस्त्याला पाचशेवीसच्या जागी दोनशे साठ, घाट असेल तर दोनशे वीस. भिंतीवरचा ऐंशी टक्क्यांचा कागद डॉक्टरबाईंनी स्वतः काढला. बॅटरीची दोन वर्षं कमी झाली तरी चालतील, म्हणाल्या.

सात आठवड्यांनी बाळाला घरी आणायचं ठरलं. टाकीकाकांनी गाडी शंभर टक्के भरली, वाटेत घाटातल्या हॉटेलपाशी आणि शहरात पोचल्यावर ती पुन्हा भरून घेतली, आणि मगच हॉस्पिटलच्या दाराशी लावली. बाळ आता सव्वादोन किलोंचं होतं आणि चांगलं खणखणीत रडत होतं. आई तिला घेऊन मागे बसली. मावशी क्षणभर दाराशी घुटमळली, मग पुढे येऊन बसली.

घाट दिसायला लागला तशी तिने पट्टा एकदा ओढून पाहिला.

“काका, मला दर दहा किलोमीटरला सांगाल? खरं सांगायचं.”

“सांगतो,” टाकीकाका म्हणाले. त्यांनी तळहात एकेक करून पँटला पुसले आणि स्क्रीनकडे बघितलं. “आत्ता अडुसष्ट टक्के.”